गरोदरपणातली शुगर: बाळाचं सगळं बघतो, आईची टेस्ट मात्र राहूनच जाते

केळशीची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं होतं. मी दापोली भागातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गरोदर बायका आमच्याकडे ग्लुकोज प्यायला येतात, दोन तास बाकावर बसतात, रक्त देतात, जातात. ज्यांची शुगर जास्त निघते त्या पुढे तीन-चार महिने सारख्या येत राहतात, जेवणानंतर दोन तासांनी सुई टोचून घ्यायला, ओळख होते, घरचं पण कळतं. मग बाळंतपण होतं आणि ती बाई परत कधी दिसत नाही. दिसते ती थेट दुसऱ्या खेपेला, आणि तेव्हा बऱ्याचदा पहिल्याच महिन्यात शुगर वाढलेली असते, म्हणजे मधल्या काळातच डायबिटीस होऊन बसलेला असतो.

याबद्दल वाचत गेले तेव्हा एक गोष्ट कळली ती मला फार लागली म्हणून हा धागा. हे संशोधन सुरूच झालं होतं आईसाठी! १९६४ साली बोस्टनमध्ये ओ'सलिवन आणि महान या दोघांनी ७५२ गरोदर बायकांना ग्लुकोज पाजून शुगर मोजली आणि नॉर्मल कुठपर्यंत, जास्त कुठून ते ठरवलं. कशावरून ठरवलं? तर कुठल्या बाईला पुढच्या काही वर्षांत डायबिटीस होतो त्यावरून. बाळाचं वजन, सिझर, बाळाची शुगर उतरणं, हा विचार त्या आकड्यांमागे मुळात नव्हताच. आणि आज आपल्याकडे नेमकं उलट झालंय, बाळ सुखरूप झालं की विषय संपला.

२००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून काढलं होतं की गरोदरपणी शुगर असलेल्या बाईला पुढे टाईप २ डायबिटीस व्हायचा धोका इतरांपेक्षा सातपट. २०२० मध्ये बीएमजे या दुसऱ्या वैद्यकीय मासिकात १३ लाखांवर बायकांची माहिती घेऊन परत काढलं, तर जवळजवळ दहापट आला. एवढं माहीत असून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची टेस्ट कोणी करत नाही. आपल्या सरकारी नियमावलीत ती टेस्ट स्पष्ट लिहिलेली आहे. तुमच्याकडे काय अनुभव आहे सांगा, आणि कोणाला काही विचारायचं असेल तर मला माहीत असेल तेवढं सांगते. मी डॉक्टर नाही, औषधाचं डॉक्टरांनाच विचारा.

हर्णै_बंदर

ताई अगदी वेळेवर धागा काढलात. बायकोला सातवा लागलाय. उपाशीपोटी ९४ आली, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १३२. इथले डॉक्टर म्हणाले काही नाही, नॉर्मल आहे, आणि मुंबईला तिच्या बहिणीच्या डॉक्टरांना फोटो पाठवला तर ते म्हणाले ही जेस्टेशनल डायबिटीस आहे, डाएट चालू करा. एकाच कागदावरून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात मग आम्ही समजायचं काय? घरात यावरून रोज वाद चाललेत, सासूबाई म्हणतात मुंबईवाले घाबरवतात.

केळशीची_लेक

दादा, दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. हे जरा नीट सांगते कारण हा सगळ्यात मोठा गोंधळ आहे.

आपल्याकडे सरकारी केंद्रात जी पद्धत आहे ती चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढे आणली. बाई जेवून आलेली असो की उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं, १४० किंवा वर आली तर शुगर आहे असं धरायचं. यात उपाशीपोटीचा आकडा बघतच नाहीत. तुमच्या मिसेसची १३२ म्हणजे या हिशेबाने पास.

दुसरी पद्धत आली ती हापो नावाच्या अभ्यासातून. ९ देशांत १५ ठिकाणी मिळून जवळपास २५ हजार गरोदर बायका. सगळ्यांची ग्लुकोज टेस्ट केली आणि आकडे ना बाईला सांगितले ना तिच्या डॉक्टरला (फारच जास्त आले तरच सांगायचे असं ठरलं होतं). मग बाळंतपणात काय होतं ते बघितलं. २००८ मध्ये निकाल छापून आला. त्यात दिसलं असं की इथपर्यंत सुरक्षित आणि इथून पुढे धोका अशी रेघ कुठेच नाही. शुगर जितकी वर तितकं बाळ मोठं असण्याचं, सिझरचं, जन्मल्यावर बाळाची शुगर खाली जाण्याचं प्रमाण वर, सरळ चढत गेलेलं. मग २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने बसून रेघ ठरवली, उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातलं एक जरी गाठलं तरी शुगर. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच आकडे घेतले. या हिशेबाने ९४ म्हणजे आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी हे धरलं.

म्हणजे रेघ निसर्गाने मारलेली नाही, माणसांनी बसून ठरवलेली आहे. ९१ वाली एकदम ठणठणीत आणि ९३ वाली आजारी असं काही नसतं.

उपकेंद्रातली_सिस्टर

मी आरोग्यसेविका आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. केळशीची लेक यांनी छान लिहिलंय पण एक बाजू मला मांडायची आहे. ती एका ग्लासाची टेस्ट आम्हाला का बरी पडते ते ऐका. वाडीवरची बाई सकाळी पहिल्या एसटीने निघते, कधी एसटी येतच नाही, पावसात तर बोलूच नका. ती उपाशी ये म्हणून सांगितलं तर एकतर येत नाही किंवा येऊन चक्कर येऊन पडते. खाऊन आली तरी चालेल म्हटल्यावर येते. उपाशीपोटीच पाहिजे म्हणून अडून बसलो तर निम्म्या बायकांची टेस्टच होणार नाही.

पहिल्या भेटीत एकदा, आणि पहिली नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत परत, असं आम्ही करतो. आणि एक सांगून ठेवते, ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करायची. बऱ्याच बायका उलटी झालेली सांगतच नाहीत, परत यायला लागेल म्हणून. सांगा गं बायांनो.

केळशीची_लेक

सिस्टर, अगदी खरं आहे, मी ती टेस्ट वाईट म्हणत नाहीये. पण चेन्नईच्याच दुसऱ्या संशोधकांनी, डॉ. मोहन यांच्या गटाने, त्याच बायकांची दोन्ही प्रकारे टेस्ट करून बघितली, तर न-उपाशी टेस्टमध्ये बऱ्याच जणी निसटल्या. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. जिथे बाई पोचणंच अवघड तिथे एक ग्लास शून्यापेक्षा हजार पटीने बरा, आणि जिला उपाशी येणं जमतंय, घरात आईवडिलांना डायबिटीस आहे, आधीचं बाळ मोठं होतं, तिने उपाशीपोटीची पण करून घ्यावी.

चिपळूणकर_नाना

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या आईला आठ मुलं झाली, सगळी घरी. कसली शुगर आणि कसलं काय. आता प्रत्येक सुनेला काहीतरी निघतंच. आकडा खाली आणायचा, की झाली पेशंट. यात लॅब आणि औषध कंपन्यांचा फायदा नाही असं कोणी छातीठोक सांगेल का?

आडिवऱ्याची_वैदेही

नाना, मी आहारतज्ज्ञ आहे, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि संशोधकांनीही तो विचारलेला आहे. न्यूझीलंडमध्ये ४ हजारांवर बायकांवर ट्रायल झाली, २०२२ मध्ये छापून आली. निम्म्यांना खालचे आकडे लावले (तेच ९२ वाले), निम्म्यांना वरचे, उपाशीपोटी ९९ आणि दोन तासांनी १६२. खालच्या आकड्यांमुळे १५.३ टक्के बायका शुगरवाल्या ठरल्या, वरच्यांमुळे ६.१ टक्के. आणि मोठ्या वजनाची बाळं दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, ८.८ आणि ८.९ टक्के. म्हणजे तुमच्या म्हणण्याला आधार आहे.

पण त्याच ट्रायलचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. दोन रेघांच्या मधे अडकलेल्या ज्या बायका होत्या, म्हणजे एका नियमाने शुगर आहे आणि दुसऱ्याने नाही, त्यांच्यात उपचार मिळालेल्यांची मोठी बाळं ६.२ टक्के आणि न मिळालेल्यांची १८. एवढा फरक. हर्णैच्या दादांच्या मिसेसची ९४ बरोबर त्या मधल्या पट्ट्यात येते. मी असते तर डाएट नक्की चालू केलं असतं, त्याने नुकसान काहीच नाही.

आणि उपचाराने फायदा होतो का हे पण तपासलेलं आहे हो. ऑस्ट्रेलियात १००० बायकांवर २००५ साली, अर्ध्यांना आहार, शुगर तपासणी आणि लागलं तर इन्सुलिन, अर्ध्यांना नेहमीची देखभाल. बाळाच्या बाबतीत गंभीर गुंतागुंत उपचारवाल्यांत १ टक्का आणि दुसरीकडे ४ टक्के. गंभीर म्हणजे मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, नस दुखावणं. औषध कंपनीचा यात काय फायदा, बहुतेकींना नुसत्या आहाराने भागतं.

आईच्या वेळचं म्हणाल तर तेव्हा मोजतच नव्हते, आणि बाळ अडून गेलं तर देवाची करणी म्हणायचे. शिवाय त्या बायका विहिरीचं पाणी ओढत, भात कांडत, डोंगर चढत.

चिपळूणकर_नाना

मधल्या पट्ट्याचं माहीत नव्हतं. हे पटण्यासारखं आहे. लिहीत राहा.

वेंगुर्ल्याची_आवशी

माका शुद्ध मराठीत लिवूक जमना नाय, समजून घेवा. सुनेक सातवो म्हयनो चालू आसा. डॉक्टरान सांगल्यान साखर वाडली, भात कमी कर. आता आमच्याकडे भात नाय तर खावचा काय? सकाळी पेज, दुपारी भात, राती भात. पेज पण नको म्हणतत. तेच्यात ती बारीक, अंगार मांस नाय, तिका साखर होतलीच कशी?

आडिवऱ्याची_वैदेही

काकी, भात बंद करू नका, तिला पोटभर जेवण मिळालंच पाहिजे, दोन जिवांची आहे. फक्त एकटा भात नको. सकाळी रिकाम्या पोटी नुसती पेज आणि लोणचं हे सगळ्यात वाईट, पातळ शिजलेला भात झरकन साखर होऊन रक्तात उतरतो आणि सकाळी गरोदर बाईला शुगर तशीही जास्त चढते. त्याऐवजी एक आंबोळी किंवा घावन आणि सोबत अंडं किंवा उसळ. दुपारी भात वाटीने मोजून, उकड्या तांदळाचा असेल तर पॉलिशच्या पांढऱ्यापेक्षा बरा, आणि ताटात आधी बांगडा किंवा तारली, भाजी, कुळथाची पिठी जाऊ दे, भात मागाहून. मासे प्रोटीन खूप चांगलं देतात आपल्याकडे, त्याचा उपयोग करा. जेवल्यावर लगेच आडवं न होता अंगणात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या.

नाचणीबद्दल मुद्दाम लिहिते. भाकरी चांगली. पण नाचणीचं सत्व, गूळ घालून, गरोदर बाईला ताकद म्हणून ग्लासभर देतात, त्याने शुगर भराभर वर जाते. शिरवाळे आणि नारळाचा गूळ घातलेला रस, डोहाळजेवणाचे पाच गोड पदार्थ, हे चाखण्यापुरतं. आंबा सीझनला जेवणाच्या सोबत नको, मधल्या वेळेला एक लहान फोड, आणि दोन तासांनी मोजून बघा, मीटर खोटं बोलत नाही.

केळशीची_लेक

काकी, "बारीक आहे तर साखर कशी" हा प्रश्न पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर लावून धरलाय. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं ते बघतायत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण चरबी मात्र त्यामानाने तितकी कमी नाही, मांस कमी. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबीचा वाटा जास्त.

२००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा सून बारीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

त्याच गावांच्या अभ्यासात २००८ मध्ये असंही आलं की गरोदरपणी ज्या आईच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त, तिच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट न चालण्याचं प्रमाण जास्त. मासे-अंडी खाणाऱ्यांना बी१२ मिळतं, पण कोकणात शाकाहारी घरं पण आहेत आणि श्रावण, चातुर्मास पाळणारी पण. डॉक्टरांना बी१२ चं विचारून घ्या. आणि डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात आपल्याच भागातल्या किशोरवयीन मुलींच्या तब्येतीवर अभ्यास चालू आहे, म्हणजे आई व्हायच्या कितीतरी आधीपासून बघायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सई_कुडाळ

मला मेटफॉर्मिनबद्दल विचारायचंय. डाएट करून पण जेवणानंतर १३५-१४० येत होती म्हणून गोळी दिलीये. घरचे म्हणतात इन्सुलिन नको, ते एकदा लागलं की आयुष्यभर. आणि गोळी बाळापर्यंत जाते असं पण वाचलं. रात्री झोप लागत नाही विचार करून.

केळशीची_लेक

सई, आधी एक, गरोदरपणात लागलेलं इन्सुलिन आयुष्यभर राहत नाही. वार (प्लॅसेंटा) इन्सुलिनला अडवणारे हॉर्मोन सोडत असते म्हणून शरीराला जास्त इन्सुलिन लागतं, वार पडली की ते कारणच जातं, बहुतेक जणींचं त्याच दिवशी बंद होतं.

गोळीचं खरं आहे, मेटफॉर्मिन वारेतून बाळाकडे जातं, इन्सुलिन जात नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ७५१ बायकांवर मोठी तुलना केली, २००८ ला निकाल आला. बाळांना त्रास गोळीवाल्यांत जास्त झाला नाही, बायकांना गोळी जास्त आवडली, पण गोळीवर असलेल्यांपैकी ४६.३ टक्के जणींना वरून इन्सुलिनही लागलं. त्यातली मुलं नऊ वर्षांची झाल्यावर परत तपासली, ऑकलंडमधली गोळीवाल्या आयांची मुलं थोडी अंगाने मोठी होती, चरबीचा टक्का मात्र सारखा. घाबरण्यासारखं नाही पण लक्ष ठेवण्यासारखं आहे. आपल्या नियमावलीप्रमाणे जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली यायला पाहिजे. तुमची १४० वरच राहत असेल तर गोळी घेऊन समाधान मानू नका, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी इन्सुलिन सांगितलं तर नको म्हणू नका.

सई_कुडाळ

खूप बरं वाटलं ताई. आणि बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्त घेणार म्हणालेत ते कशाला?

उपकेंद्रातली_सिस्टर

आईची जास्तीची साखर पोटात बाळाला मिळत असते, म्हणून बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं. नाळ कापली की साखर यायची थांबते पण इन्सुलिन तसंच असतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची शुगर खाली जाऊ शकते. म्हणून तासाभरात छातीला लावायचं. मध, गुळाचं पाणी काही चाटवायचं नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

गुहागर_किनारा

माझा मुलगा आता तीन वर्षांचा आहे. मला शुगर होती, इन्सुलिन पण घेतलं. नंतर टेस्ट केली नाही, कोणी सांगितलीच नाही, डिस्चार्ज कार्डवर एक ओळ नव्हती. हा धागा वाचून परवा केली. उपाशीपोटी ११२, दोन तासांनी १६८. आता काय?

केळशीची_लेक

ताई, केलीत हे फार चांगलं केलंत. हा डायबिटीस नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. डायबिटीस म्हणजे उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० पासून. डॉक्टरांना दाखवा, दरवर्षी टेस्ट करा, आणि पुढचं बाळ हवं असेल तर आधी शुगर तपासूनच.

पण तुम्हाला खोटी आशा देणार नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात मिळून साधारण १६०० बायकांवर ट्रायल झाली, बाळंतपणानंतर गटात बोलावून आहार-व्यायाम शिकवायचा आणि मेसेज-फोन करायचे. वर्षभराने शुगर बिघडलेल्या शिकवलेल्यांत २५.५ टक्के, न शिकवलेल्यांत २७.१. फरक नगण्य. तान्हं बाळ, घरकाम, शेत, झोप नाही, त्यात बाईने स्वतःसाठी व्यायाम कधी करायचा? मला यातून एवढंच दिसतं की नुसता सल्ला पुरत नाही, घरातल्यांनी तिच्या हातातलं बाळ अर्धा तास घ्यायला पाहिजे. अंगावर पाजल्याने मात्र पुढचा धोका कमी दिसतो, कॅलिफोर्नियात शुगर झालेल्याच बायकांना बाळंतपणानंतर दोन वर्षं बघून काढलंय, जितकं जास्त पाजलं तितका डायबिटीस कमी.

आडिवऱ्याची_वैदेही

आणि बाळंतिणीचा आहार बघा ना! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-साखर-शिरा, चाळीस दिवस हलायचं नाही. गरोदरपणी जिने एकेक घास मोजला तिलाच हे सगळं. अळीव, मेथी, सुकं खोबरं राहू दे, गूळ निम्म्यावर आणा.

उपकेंद्रातली_सिस्टर

मला एक सुचलंय. सहा आठवड्यांची टेस्ट आणि बाळाची दीड महिन्याची लस एकाच सुमाराला येते. लसीला बाळ चुकत नाही, आजी स्वतः घेऊन येते. मग बाळाच्या लसीच्या कार्डावर त्याच तारखेसमोर "आईची शुगर, उपाशी यावे" असं पेनने लिहून टाकायचं. मी माझ्याकडच्या शुगरवाल्या बायकांच्या कार्डावर लिहायला सुरुवात करते. ग्लुकोज देऊन लसीच्या रांगेत बसवायचं, दोन तास तसेही जातात.

केळशीची_लेक

सिस्टर हे इतकं सोपं आहे! आमच्या लॅबवर डॉक्टरांची चिठ्ठी येते तेव्हा मी पण रिपोर्टच्या पाकिटावर तारीख घालून देईन.

हर्णै_बंदर

पण ताई आमच्याकडे बाळंतपण माहेरी, देवरुखला. लस पण तिकडेच होईल. कार्ड इथलं, सिस्टर वेगळी, मग?

उपकेंद्रातली_सिस्टर

दादा, कार्ड कुठेही चालतं, लस कुठल्याही केंद्रात मिळते. आत्ताचा ९४ वाला रिपोर्ट त्याच कार्डात ठेवा, मुंबईच्या डॉक्टरांनी शुगर धरली आहे असं तिकडच्या आशाताईला दाखवून सांगा. आणि त्या दिवशी बाळाला घ्यायला तुम्ही स्वतः देवरुखला जा, ती दोन तास उपाशी बसणार आहे, मधे बाळ रडेल. पाजायला हरकत नाही, तेवढं तिला सांगून ठेवा.

हर्णै_बंदर

जातो. रिपोर्ट आत्ताच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कार्डात ठेवला. सासूबाईंना धागा वाचून दाखवतोय, त्या विचारतायत घावन नाचणीचं केलं तर चालेल का.

आडिवऱ्याची_वैदेही

चालेल, तांदूळ निम्मा, नाचणी निम्मी, थोडं उडदाचं पीठ, आणि सोबत चटणी ओल्या खोबऱ्याची, साखर न घालता. दोन घावनं, मग दोन तासांनी मीटर.